लोखंडाचा ध्यास : गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर

चोर्ला घाट ओलांडून बेळगावच्या बाजारपेठेत जाणाऱ्या गोमंतकीयांना किर्लोस्कर रोड हे नाव परिचयाचे आहे. नाट्यवेड्या गोमंतकीय माणसाला ते वाचताच ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आणणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांची आठवण झाली, तर नवल नाही. या रस्त्याला ते नाव मात्र एका सायकलीच्या दुकानावरून मिळाले आहे. शाळेत मन न रमलेला, वेदान्ती वडिलांच्या अपेक्षेत न बसलेला आणि अवजारे व यंत्रे यांखेरीज फारशा कशातच जीव न गुंतवणारा एक तरुण त्या दुकानामागे उभा होता. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे त्याचे नाव. शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर देणारे उद्योगपती म्हणून त्यांना सारे ओळखतात. त्यांच्या ध्यासाला जागा मिळत गेली आणि एकदा ती काढूनही घेतली गेली, ही कथा मात्र तितकीशी सांगितली जात नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे आणि याच घराण्यातले. या घराण्याचे आडनाव कोकणातील किर्लोस गावावरून आलेले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने आपला वारसा चालवावा, निदान शिकून सरकारी नोकरी धरावी, अशी अपेक्षा त्या काळच्या ब्राह्मण घरात स्वाभाविक होती. लक्ष्मणरावांचे लक्ष पुस्तकात नव्हते. चित्र काढणे आणि यांत्रिक वस्तूंत रमणे, या दोनच गोष्टींत त्यांचे मन लागे. ज्या समाजात हातोडी आणि कानस ही सुतार-लोहारांची मानली जात होती, तेथे पंडिताच्या मुलाचा हा ओढा छंद म्हणूनही शोभणारा नव्हता.

अशा मुलाचे पुढे काय होते, हे बहुधा घरातील एखाद्या माणसावर अवलंबून असते. येथे तो माणूस म्हणजे थोरले बंधू रामूअण्णा. १८८५ साली लक्ष्मणरावांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाण्याचे ठरविले. वडिलांचा विरोध होता. खर्चाचा भार रामूअण्णांनी उचलला. धाकट्या भावाची आवड त्यांच्या स्वतःच्या आवडीशी जुळत होती म्हणून नव्हे, तर याच्या हातून जे होईल ते याच मार्गाने होईल, एवढे त्यांनी ओळखले म्हणून. सोळा वर्षांच्या मुलाला चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला पाठविणे, हे त्या काळी पैसा वाया घालविण्यासारखेच समजले जाण्याचा संभव होता.

दोन वर्षांतच संकट आले. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळले. त्यांची दृष्टी अंशतः रंगांध होती. जॉन डाल्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९४ साली स्वतःच्याच दृष्टीतील हा दोष विद्वानांपुढे मांडला, तेव्हापासून पाश्चात्त्य जगाला तो परिचित झाला होता. तो बहुधा जन्मजात असतो, पुरुषांत अधिक आढळतो आणि त्यावर उपाय नसतो. चित्रकार होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा आघात कोणता? पुष्कळांनी येथे गावची वाट धरली असती. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक रेखनात रंगांचे काम नसते. तेथे हवे असते ते माप, कोन आणि वस्तू न उघडता तिचे पोट डोळ्यांपुढे आणण्याची शक्ती. एखादे चाक वरून, समोरून आणि छेद घेऊन कसे दिसेल, हे कागदावर उतरविताना त्यांच्या दोन आवडी एकत्र आल्या. दृष्टीतील उणिवेने एक वाट बंद केली. जी उरली, ती त्यांच्या स्वभावाला अधिक जवळची होती.

या ज्ञानाच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखनाच्या साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था नुकतीच, १८८७ साली, स्थापन झाली होती. शिकविण्याचे तास संपले की लक्ष्मणराव तेथील कार्यशाळेत जात. लेथ कसा फिरतो, पट्ट्यावरून शक्ती एका चाकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, लोखंड कसे कापले जाते, हे त्यांनी पाहून आणि हाताळून शिकून घेतले. यासाठी त्यांना कोणी वेगळे वेतन देत नव्हते. फावल्या वेळात इतर लोक जेथून दूर जात, तेथे हे जात. ज्याला खरा ध्यास म्हणतात त्याची ओळख येथे पटते. त्यात काम आणि विसावा यांच्यातील भेदच नाहीसा होतो.

त्याच सुमारास मुंबईत त्यांनी एका माणसाला सायकलीवरून जाताना पाहिले. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली बाजारात आली होती आणि हवेच्या टायरचा शोध १८८८ मधला. म्हणजे जगालाही हे वाहन नवे होते. लक्ष्मणरावांनी ते केवळ कुतूहलाने पाहून सोडून दिले नाही. १८८८ साली रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत. रामूअण्णा त्या विकत, दुरुस्त करून देत आणि गिऱ्हाइकाला त्यांवर बसायलाही शिकवीत. दुकानावर नाव होते किर्लोस्कर बंधूंचे.

मुंबईची नोकरी मात्र फार काळ टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि एकोणिसावे शतक संपत आले असताना ते बेळगावी येऊन राहिले. नोकरीचा आधार सुटला. पण आता दिवसभर यंत्रांत राहण्याची मोकळीक मिळाली. सायकली विकण्यापेक्षा काही स्वतः घडवावे, ही ओढ तेथून वाढत गेली.

काय घडवावे, याचे उत्तर भोवतालच्या शेतीने दिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या दुष्काळांनी दख्खन होरपळली होती. माणसांबरोबर गुरेही चाऱ्यावाचून मेली होती. ज्वारीचा कडबा सबंध टाकला तर गुरे कोवळा भाग खातात आणि जाड बुडखे तुडवून टाकतात. तोच कडबा बारीक तुकडे करून घातला तर फारसा वाया जात नाही. किर्लोस्कर बंधूंचे पहिले महत्त्वाचे उत्पादन होते ते कडबा कापण्याचे यंत्र. यंत्राचे वेड प्रथमच कोणाच्या तरी गोठ्यापर्यंत पोहोचले.

त्यानंतर आला नांगर. कृष्णाकाठच्या आणि बेळगाव परिसरातील काळ्या, चिवट जमिनीत लाकडी नांगर ओढण्यासाठी बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढे करून तो जमीन चिरतो, उलटी करीत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल तशीच राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पाते असते. फाळाने कापलेला मातीचा थर त्या पात्यावरून चढतो आणि पालथा पडतो. मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. या पात्याचे वळण अचूक नसेल तर माती चिकटते आणि बैलांवर ताण येतो. म्हणजे प्रश्न पुन्हा रेषेचाच होता. परदेशी बनावटीचे लोखंडी नांगर तेव्हा हिंदुस्थानात येऊ लागले होते. परंतु ते महाग होते, आणि मोडले तर सुटा भाग गावात मिळणे कठीण.

१९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला. तो घ्यायला मात्र कोणी पुढे येईना. लोखंडाचे विष जमिनीत उतरते आणि शेत नापीक होते, असा समज शेतकऱ्यांत पसरला होता. हा समज केवळ अडाणीपणाचा म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो आपल्या एकुलत्या एक शेतात प्रयोग करायला कचरणारच. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत भांडवल अडकलेले होते आणि घरात तान्हे मूलही होते. ज्या वर्षी नांगर झाला, त्याच १९०३ साली लक्ष्मणराव आणि राधाबाई यांचे पुत्र शंतनुराव यांचा जन्म झाला. व्यवहारी माणसाने सायकलींवर समाधान मानले असते. लक्ष्मणराव नांगरापासून हटले नाहीत. ज्या शेतकऱ्यांनी अखेर तो घेतला, त्यांच्या शेतातील उलटलेली माती पाहून इतरांची भीती हळूहळू ओसरली.

व्यवसाय मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावने त्यांच्या पायाखालची जागा काढली. शहराच्या विस्तारासाठी, नवे उपनगर वसविण्यासाठी कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी होती. १९१० च्या आरंभी किर्लोस्करांना ती सोडण्याची पाळी आली. दोन दशके ज्या गावात हे काम वाढले, तेथे भट्टी आणि लेथ यांना ठाव उरला नाही. नगरपालिकेच्या दृष्टीने तो जागेचा एक साधा प्रश्न असेल. बेळगावच्या इतिहासात मात्र तो मोठा तोटा ठरला; कारण पुढे जे उभे राहिले, ते सव्वाशे किलोमीटरांहून अधिक उत्तरेला उभे राहिले.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे लक्ष्मणरावांना ओळखत होते. ते १९०९ मध्ये गादीवर आले होते, स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी पुढे सर्वदूर प्रसिद्ध झाले. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि आर्थिक साहाय्यही केले. जमीन ओसाड माळाची होती. निवडुंगाने व्यापलेली, सापांनी भरलेली. पाण्याचीही वानवा. १९१० च्या मार्च महिन्यात किर्लोस्कर मंडळी तेथे उतरली आणि किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. देशातील आरंभीच्या उद्योगनगरींत आज तिची गणना होते. पुढे रेल्वे स्टेशनालाही तेच नाव मिळाले.

वाडीवर जमलेले सहकारी पाहिले, की लक्ष्मणरावांची माणसे पारखण्याची दृष्टी ध्यानात येते. व्यवस्थेची धुरा रामूअण्णांकडे होती. शंभोराव जांभेकर अभियंत्याचे काम पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, के. के. कुलकर्णी पडेल ते काम निभावत. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले होते. यंत्ररचनेतील त्यांची कल्पकता मात्र विलक्षण होती. प्रमाणपत्र न विचारता अशा माणसाच्या हाती काम देणारा मालक त्या काळी विरळाच. ज्याला स्वतःला शाळेने ओळखले नव्हते, त्याने दुसऱ्याला ओळखले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही वाडीवर रखवालदारीचे विश्वासाचे काम मिळाले आणि अस्पृश्यतेला तेथे थारा देण्यात आला नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येणे मंदावले, नांगरांना मागणी वाढली. पण कच्चे लोखंड आणि कोळसा मिळविणे दुरापास्त झाले. त्यातून मार्ग काढीत कारखाना टिकला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याचे वार्तापत्र म्हणून सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक आले. गोव्यापासून विदर्भापर्यंतच्या मराठी घरांत जी नियतकालिके वाचली गेली, त्यांचे मूळ असे निवडुंगाच्या माळावर एका नांगराच्या कारखान्यात आहे.

नांगरापाठोपाठ चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले शंतनुराव १९२६ साली परतले आणि पुढची पिढी कामाला लागली. १९४१ मध्ये हरिहर येथे लेथसारखी यंत्रे घडविणारा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांची आणि बंगळूरमध्ये विजेच्या मोटारींची निर्मिती करणाऱ्या कंपन्या स्थापन झाल्या. मुंबईच्या कार्यशाळेत फावल्या वेळी लेथभोवती घुटमळणाऱ्या शिक्षकाने आपल्या हयातीतच आपल्या नावाचे लेथ बाजारात आलेले पाहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

हे चरित्र आज वाचताना एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. एकाच गोष्टीत बुडून जाणारी, बाकी साऱ्याकडे पाठ फिरवणारी मुले आजही घराघरांत आहेत. एखादा मुलगा पंख्याची पाती तासन्‌तास पाहतो, एखादी मुलगी रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणते, कोणाला कपडे धुण्याच्या यंत्राचा आवाज ऐकूनच ते कोणत्या टप्प्यात आहे ते सांगता येते. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अस्परगर यांनी तशाच मुलांविषयी लिहिले. तेव्हापासून स्वमग्नतेचा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला आणि अशी तीव्र, एकमार्गी आवड हे तिचे एक लक्षण मानले गेले. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश आहे.

लक्ष्मणराव स्वमग्न होते, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. दिवंगत व्यक्तीचे निदान चरित्रावरून करणे योग्यही नव्हे. आणि शेकडो माणसे जोडणाऱ्या या उद्योजकाबद्दल तर तसे म्हणण्याचे कारणच नाही. शिवाय प्रत्येक स्वमग्न मुलाच्या आवडीतून कारखाना उभा राहावा, ही अपेक्षाही त्या मुलावर अन्याय करणारी आहे. पंखा पाहणाऱ्या मुलाला त्यातून मिळणारा आनंद आणि निश्चिंती हेही पुरेसे मोल आहे. तरीही त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. वेगळी आवड असलेल्या मुलाला मोठ्यांकडून नेहमी एकच उपदेश मिळतो : हे सोड आणि इतरांसारखा हो. काशिनाथपंतांचेही म्हणणे याहून फार वेगळे नव्हते, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मुलाच्या भवितव्याची काळजी त्यामागे होती. रामूअण्णांनी त्याच काळजीपोटी उलटा मार्ग धरला. आवड मोडण्याऐवजी तिच्यासाठी पैसा, जागा आणि स्वतःचा वेळ दिला. भाऊ रंगांध ठरला तेव्हाही त्याला परत बोलावले नाही. दोन वर्षे नांगर खपला नाही तेव्हाही त्याची साथ सोडली नाही. बेळगाव सोडावे लागले तेव्हा त्याच्याबरोबर ते माळावर गेले.

बेळगाव आज ओतकामाच्या उद्योगासाठी देशभर ओळखले जाते. उद्यमबागेतील भट्ट्यांतून निघणारे सुटे भाग दूरदूरच्या कारखान्यांत जातात. ज्या गावाने एका भट्टीला जागा नाकारली, तेथे आता पुष्कळ भट्ट्या पेटल्या आहेत, आणि बाजारपेठेतील रस्ता जुन्या सायकल दुकानाचे नाव सांभाळून आहे. किर्लोस्करवाडीला तेच नाव कारखान्यावर आहे. तेथेही ते एकट्या लक्ष्मणरावांचे नाही. कंपनीच्या नावात अजूनही ‘ब्रदर्स’ आहे, आणि त्यातला दुसरा भाऊ यंत्रवेडा नव्हता. त्याने त्या वेडाला आयुष्यभर सांभाळले.